धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीचे बेड हिरवे का पडतात? (स्पॉन मागवणाऱ्यांसाठी)

‘स्पॉन खराब निघाले, बेड हिरवे पडले’ ही तक्रार आमच्याकडे सर्वांत जास्त येते. (स्पॉन म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेले अळिंबीचे बियाणे; बेड म्हणजे काड आणि स्पॉन भरलेली पिशवी.) फोटो मागवला की बहुतेक वेळा वरचा बेड पांढराशुभ्र असतो, खालची चार बोटे पिवळट-तपकिरी असतात आणि पिशवीच्या कोपऱ्यात पाणी साचलेले असते. स्पॉन मेलेले असते तर वरचा भागही पांढरा झाला नसता. चुकते ते काड (पेंढा) निथळण्यात.

काडाचे ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करणे, १२-१६ तास भिजवणे, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवणे इथपर्यंत बहुतेकांचे नीट होते. मग अंधार पडायला येतो, हाताखालची माणसे खोळंबलेली असतात आणि गळते काड तसेच पिशवीत भरले जाते. धिंगरीच्या पांढऱ्या वाढीला हवा लागते. तुकड्यांमधल्या फटी पाण्याने भरल्या की तळाला हवा पोचत नाही, तिथे जिवाणू माजतात, काड आंबते आणि धिंगरीची वाढ तिथेच अडते. ती मोकळी राहिलेली जागा हिरवी बुरशी धरते.

भरण्याआधी मूठभर काड घट्ट पिळून पाहा. तळवा ओलसर व्हावा, फार तर एखाददुसरा थेंब पडावा. धार लागली तर काड पुन्हा पसरा. काडाच्या ढिगाच्या वरच्या थरातून मूठ घेऊ नका. तो लवकर सुकतो आणि फसवतो. मूठ मधून आणि तळातून घ्या. हाताचा अंदाज येत नसेल तर वजन करा: १ किलो कोरडे काड भिजून-निथळून पावणेतीन ते तीन किलो भरले पाहिजे. सव्वातीनच्या वर गेले तर पाणी जास्त आहे. अडीचच्या खाली आले तर उलटा त्रास. वाढ विरळ होते आणि पहिल्या तोडणीनंतर बेड हलका पडतो.

काड सुकतही आले पाहिजे आणि निवलेही पाहिजे. वरून गार लागणारे काड आत गरम असू शकते, म्हणून हात कोपरापर्यंत खुपसून बघा. ऊब लागली तर थांबा.

‘स्पॉन दुप्पट टाकले तर चालेल का?’ असेही विचारतात. आमचा धंदा वाढेल, पण तुमचा बेड वाचणार नाही. ५ किलो ओल्या काडाला १०० ते १५० ग्रॅम पुरते. पाण्यात बुडालेले दाणे दुप्पट टाकले तरी कुजतातच.

पाणी साचलेले दोन-तीन दिवसांत लक्षात आले तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने तळाला आठ-दहा भोके पाडून पिशवी उंच टांगा. आंबूस वास सुटला असेल तर ती खोलीत न उघडता लांब नेऊन पुरा. कधी अशा बेडवर लांब दांड्याच्या, एक-दोन दिवसांत काळी शाई होऊन गळणाऱ्या छत्र्या उगवतात. काड नीट तापले नव्हते किंवा फार ओले होते, याची ती खूण. त्या खाऊ नका. आणि बेडवरची असो वा रानातली, कोणतीही अनोळखी छत्री खाण्याजोगी आहे का, हे आम्ही फोटोवरून सांगत नाही.

स्पॉन आम्ही मागणी आल्यावरच लावतो. दाण्यावर वाढ पूर्ण व्हायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून आगाऊ नोंदणी मागतो. यावर नाराजी असते, पण महिनाभर पडून राहिलेले पाकीट हातात देण्यापेक्षा ती बरी. आल्यावर लगेच वापरा. नाहीच जमले तर ४ अंशांवर फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गुलाबी धिंगरी मात्र थंडी सोसत नाही, तिचे पाकीट बाहेर सावलीतच ठेवा.

प्रत्येक लॉटमधले एक पाकीट आम्ही आमच्याकडे राखून ठेवतो. तक्रार करताना लॉट क्रमांक, भरल्याची तारीख आणि बेडच्या तळाचा फोटो पाठवा. हिरवे डाग दाण्यांपासूनच सुरू होऊन सगळ्या बेडभर विखुरले असतील आणि आमच्या पाकिटातही तेच दिसले, तर नवे स्पॉन वाहतुकीसह आमच्या खर्चाने पाठवतो. काड निथळायला जागाच नसेल तर जाळीची मांडणीही आमच्याकडे मिळते. बांबूवर ताणलेली जुनी स्वच्छ जाळीही तेच काम करते.