चीनमध्ये गेम नक्की कुठे अडकतो, फायरवॉलला की परवान्याला?

मल्टिप्लेअर गेम बनवणाऱ्यांच्या गप्पांत चीनचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "तिकडे सगळं ब्लॉकच आहे ना, कशाला डोकं लावायचं." आपल्याकडे असं वाटणं साहजिक आहे म्हणा, कारण २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलसकट ११८ अॅप एका आदेशात बंद झाली ते आपण बघितलंय, म्हणजे आधी गेम चालू आणि मग सरकार बंद करतं. चीनमध्ये मात्र दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचे मालक वेगळे, उपाय वेगळे, आणि त्यांची गल्लत केली की छोट्या टीमचे महिने फुकट जातात.

पहिली म्हणजे ग्रेट फायरवॉल. हा निव्वळ नेटवर्कचा मामला. चीनबाहेर जाणारं इंटरनेट मोजक्या गेटवेंमधून जातं, बीजिंग, शांघाय आणि ग्वांगझू हे मुख्य, आणि ट्रॅफिक तपासलं जातं. एखादं डोमेन नको असेल तर डीएनएसचं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचं) उत्तरच खोटं येतं, नाहीतर आयपी, म्हणजे तो पत्ताच ब्लॉक, नाहीतर कनेक्शन जुळताना साइटचं नाव दिसलं की मधेच रीसेट. गेममध्ये रक्त आहे की ससे आहेत याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. म्हणून होतं काय, की तुमचा सिंगापूरचा सर्व्हर कोणी ब्लॉक केलेलाच नसतो पण लॉगिनला फक्त गूगल आणि फेसबुकची बटणं दिलेली असतात, ती तिथे उघडतच नाहीत, आणि प्लेअर पहिल्याच स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र बघत बसतो. शिवाय संध्याकाळी सगळे ऑनलाइन आले की सीमेपलीकडच्या लिंकवर डेटाची पॅकेट गळायला लागतात, शूटर गेम असेल तर खेळणं मुश्किल, त्यामुळे तिथले प्लेअर पैसे भरून 'अॅक्सिलरेटर', म्हणजे गेमचं ट्रॅफिक चांगल्या मार्गाने नेणारी सेवा, वापरतात, नेटईझ या चिनी कंपनीचा यूयू हा त्यातलाच एक.

दुसरी गोष्ट म्हणजे परवाना, तिथले लोक त्याला बानहाव म्हणतात. तिथे गेम हे प्रकाशन धरलं जातं आणि पुस्तकासारखा चक्क आयएसबीएन नंबर मिळतो. देणारी संस्था राष्ट्रीय वृत्तपत्र व प्रकाशन प्रशासन, आणि २०१८ पासून ती कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाखाली आहे. परदेशी कंपनीला थेट अर्ज करता येत नाही, चिनी प्रकाशक लागतोच. इथे माणसं बसून गेम बघतात: रक्त, सांगाडे, जुगार, नकाशात तैवान कसं दाखवलंय, सगळं. त्यावर खऱ्या नावाने नोंदणी, आणि ऑगस्ट २०२१ च्या नियमानुसार १८ च्या आतल्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ.

फरक डोळ्यांनी बघायचा तर पबजी मोबाइलच बघा. टेन्सेंट या चिनी कंपनीने तो चीनमध्ये वर्षभराहून जास्त चालवला, लोक धो धो खेळत होते, पण पैसे घ्यायची परवानगी नव्हती म्हणून एक युआनही कमावता आला नाही. मे २०१९ मध्ये तो बंद करून परवाना मिळालेला दुसरा गेम आणला, त्यात गोळी लागलेला माणूस गुडघ्यावर बसतो, स्वतःचं सामान पेटीत ठेवतो, हात हलवून टाटा करतो आणि गायब होतो. यात फायरवॉलचा संबंध शून्य.

उलट टोकाला स्टीम, म्हणजे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान. डिसेंबर २०१७ पासून स्टीमची कम्युनिटी पानं चीनमध्ये ब्लॉक आहेत पण स्टोअर बहुतेक वेळ उघडतं, आणि तिथल्या बहुतेक गेमना बानहाव नाहीच तरी लोक विकत घेऊन खेळतात, म्हणजे एकाच अॅपचा एक भाग फायरवॉलने बंद, दुसरा विनापरवाना चालू. परफेक्ट वर्ल्ड या चिनी कंपनीबरोबर २०२१ मध्ये आलेली अधिकृत चिनी आवृत्ती वेगळी, तिच्यात गेम अगदीच कमी.

परवान्याचं काम पैशाने लवकर होतं असंही नाही. २०१८ मध्ये जवळपास नऊ महिने आणि मग जुलै २०२१ ते एप्रिल २०२२ एकही नवा नंबर निघाला नाही. फोर्टनाइट वाट बघून नोव्हेंबर २०२१ मध्ये चीनमधून गेला. रोब्लॉक्सला तर परवाना होता, जुलै २०२१ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये बंद.

मल्टिप्लेअरवाल्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. तुमचा गेम कितीही निरागस असो, आत लोक बोलतात, लिहितात, चित्रं काढतात. एप्रिल २०२० मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांनी अॅनिमल क्रॉसिंगमधल्या आपल्या बेटांवर निषेधाचे फलक लावले आणि काही दिवसांतच तो गेम ताओबाओ या चिनी ऑनलाइन बाजारावरून दिसेनासा झाला. बेटावर झाडं लावायचा, मासे पकडायचा गेम हो. परवाना हवा असेल तर चॅट, टोपणनावं, गिल्डची (प्लेअरच्या गटांची) नावं सगळ्यावर शब्दांची चाळणी लावावी लागते, आणि ती कोणाचा आवाज दाबते हे टीमने आधी बोलून ठरवावं असं मला मनापासून वाटतं, नंतर नाही.

चार-पाच जणांच्या टीमने बानहावच्या मागे लागू नये हे माझं स्पष्ट मत. चिनी भाषेत गेम स्टीमवर टाका, ईमेलने लॉगिन द्या, सर्व्हर हाँगकाँगला ठेवा, तो फायरवॉलच्या बाहेर असतो पण अंतर कमी असतं. मुख्य चीनमध्ये सर्व्हर ठेवायचा म्हटलं की आयसीपी नोंदणीचं (साइट किंवा सेवा चीनमध्ये चालवायला लागणाऱ्या सरकारी नोंदणीचं) तिसरंच प्रकरण सुरू होतं. आणि कोणी चिनी पार्टनर "फायरवॉलचं आम्ही बघून घेतो" म्हणाला तर बानहाव कोणाच्या नावावर निघणार ते विचारा, कारण मंजूर झालेल्या गेमच्या याद्या ते प्रशासन आपल्या साइटवर टाकतं, परदेशी गेमची वेगळी असते, आणि त्यात गेमचं नाव, प्रकाशक, नंबर सगळं तपासता येतं.