मन खचलेलं असताना सराव किती करायचा?

पोलीस भरतीच्या मोसमात नागपूरच्या मैदानांवर पहाटेच गर्दी होते. मुलं १६०० मीटरसाठी धावत असतात, मुली ८०० मीटरसाठी. कुणाची वयाची अट संपत आलेली असते, कुणाला घरून खोलीभाडं मागायची लाज वाटत असते. त्यातला एखादा गप्प गप्प राहू लागतो, त्याची वेळ घसरते. सोबतचे म्हणतात, "मन लागत नाही ना भाऊ? दोन राउंड जास्त मार, डोकं मोकळं होईल." सल्ला आपुलकीचा असतो, पण तोच अंगावर येऊ शकतो. नैराश्यात सराव सोडू नये, हे सगळे सांगतात. तो कमी करावा, हे फारसं कुणी सांगत नाही.

व्यायामाने नैराश्य हलकं होतं, हे खरंच आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल आणि सहकाऱ्यांनी १५६ नैराश्यग्रस्त प्रौढांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना औषध दिलं, काहींकडून व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही. औषधाने आराम लवकर पडू लागला, पण १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. तो व्यायाम कसला होता, हे मात्र सांगायचं राहून जातं. आठवड्यातून तीनदा, पाऊण तासाच्या आत, देखरेखीखाली चालणं किंवा जॉगिंग. त्यात निवडीची टांगती तलवार नव्हती.

शरीराला परीक्षेचा ताण, कर्जाचा ताण आणि स्क्वॉट्सचा ताण असे वेगळे हिशेब ठेवता येत नाहीत. सगळा खर्च एकाच गल्ल्यातून होतो. मेंदूच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात, मग कारण मनाचं असो की मांड्यांचं. ताण लांबला की झोप तुटते, आणि स्नायूंची डागडुजी तर बरीचशी झोपेतच व्हायची असते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून पायांचा जोरकस व्यायाम करून घेतला आणि पुढचे चार दिवस त्यांची ताकद तपासली. ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त, त्यांची ताकद उशिरा भरून आली. म्हणजे तोच सराव त्यांना महाग पडला.

इथे घोळ होतो, कारण अतिसरावाची लक्षणंही नैराश्यासारखीच असतात: चिडचिड, उडालेली झोप, मेलेली भूक. फरक सहसा सराव कमी केल्यावर कळतो. निव्वळ थकवा असेल तर विश्रांतीने माणूस पुन्हा खुलतो. नैराश्य असेल तर विश्रांती घेऊनही मित्रांसोबत तर्री-पोहे खायला जावंसं वाटत नाही. असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवावं. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी.

सराव कमी केला तर कमावलेलं जाईल, ही भीती मला समजते, आणि तिला चांगलं उत्तर आहे. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की आठवड्यातून सहा दिवसांचा सराव दोन दिवसांवर आणला तरी कमावलेली दमक्षमता १५ आठवडे टिकून राहिली. अट एकच: त्या दोन दिवसांचा जोर आणि वेळ तेवढीच हवी. त्यामुळे वाईट महिन्यात दोन दिवस नीट धावा, बाकीचे दिवस जमेल तसं चाला. हे माघार घेणं नव्हे.

इच्छा होईल तेव्हा उठू, असं ठरवू नये. नैराश्यात इच्छा आधी येत नाही, कृतीमागून येते. मानसोपचारातली एक पद्धत याच तत्त्वावर चालते. अडचण अशी, की अनेकांना पहाटच सगळ्यात जड जाते, आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या घरात असताना धावायला पहाटच बरी. अशा वेळी एखाद्या मित्राने दारात येऊन हाक मारण्याचा मोठा आधार होतो. तेही जमलं नाही तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर घरातच जोर-बैठका काढा.

औषध चालू असेल तर उन्हाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. नैराश्याच्या काही गोळ्यांनी घाम जास्त येतो. लिथियम, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध, घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर रक्तातलं त्याचं प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकतं. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं.