लोकप्रतिनिधींची टपालपेटी आणि इंटरनेट

मतदाराचे म्हणणे लोकप्रतिनिधीपर्यंत पोहोचवणे इंटरनेटमुळे जवळजवळ फुकट झाले. ते वाचून उत्तर देण्याचे श्रम मात्र होते तेवढेच राहिले. अमेरिकी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, २००४ साली सुमारे २० कोटी संदेश आले. हा आकडा १९९५च्या चौपट होता आणि ही वाढ इंटरनेटवरून आलेल्या संदेशांची होती, पण सदस्यांच्या कार्यालयांतील मनुष्यबळ त्या प्रमाणात वाढले नव्हते. साहजिकच, एखाद्या संघटनेने तयार करून दिलेला मजकूर हजारो लोक जसाच्या तसा पाठवतात, तेव्हा कर्मचारी तो वाचण्यापेक्षा मोजतात आणि ठरावीक साच्यातले उत्तर धाडतात.

समाजमाध्यमांमुळे ही कोंडी फुटेल, अशी अपेक्षा होती. संगणकशास्त्रज्ञ जेनिफर गोल्बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस सदस्यांची ६,०००हून अधिक ट्वीट तपासून २०१० साली निष्कर्ष मांडले. त्या ट्वीटमध्ये मुख्यतः स्वतःविषयीच्या बातम्यांचे दुवे आणि दिनक्रमाची माहिती आढळली. याला संवादापेक्षा दवंडी म्हणणे अधिक रास्त ठरेल.

आता पत्र लिहिणारा माणूसच आहे का, हाही प्रश्न उभा राहिला आहे. सारा क्रेप्स आणि डग्लस क्राइनर या राज्यशास्त्रज्ञांनी २०२० साली अमेरिकेतील राज्य विधिमंडळांच्या सुमारे ७,००० सदस्यांना ३०,०००हून अधिक ई-मेल पाठवले. त्यांतील काही माणसांनी, तर काही जीपीटी-३ या संगणकीय प्रारूपाने लिहिलेले होते. दोहोंना उत्तर मिळण्याच्या प्रमाणात जेमतेम दोन टक्क्यांचा फरक पडला.

या पार्श्वभूमीवर मायकेल नेब्लो, केव्हिन एस्टरलिंग आणि डेव्हिड लेझर या अभ्यासकांचा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी २००६ साली काँग्रेस सदस्य आणि त्यांच्याच मतदारसंघातील नागरिक यांच्यात स्थलांतर धोरणावर ऑनलाइन सत्रे घडवली. नागरिक प्रश्न टंकित करत, सदस्य प्रत्यक्ष बोलून उत्तर देत आणि अडचणीचे प्रश्न गाळण्याची मुभा सदस्यांना नव्हती. सहभागी नागरिकांची विषयाची जाण वाढली आणि आपल्या प्रतिनिधीवरचा त्यांचा विश्वासही वाढला. तंत्र जुनेच होते. बदलली होती ती फक्त बैठकीची रचना. अडचण आहे ती गणिताची: काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या एका सदस्यामागे आज सात लाखांहून अधिक लोक आहेत, आणि २००६च्या त्या सत्रांत एका वेळी फार तर तीसेक जण होते.