जात्यातला खडा

आंबोलीहून सावंतवाडीकडे घाट उतरत होतो. गाडी सात सीटची, सातही भरलेल्या, वर टपावर सामान. एका वळणावर ब्रेक दाबला आणि पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र असा आवाज आला. मधल्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, जात्यात खडा आलाय बघ." तरुणपणी तिने रोज दळण दळलेलं, त्यामुळे तिचा कान पक्का. चाकात खडा नव्हता, पण निदान जवळपास बरोबर होतं. मधला मऊ थर संपला होता आणि कठीणावर कठीण घासत होतं.

चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड. पॅड म्हणजे एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर बसवलेलं घर्षणाचं लायनिंग. नवं असताना ते साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतं, ३ मिलिमीटरवर आलं की बदलायचं. संपू दिलं तर पोलाद थेट बिडावर घासतं. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांचे पॅड धातूचेच होते आणि भयंकर किंचाळत. आमची गाडी त्या दिवशी १९०२ सालात जाऊन पोचली होती.

गाडी बाजूला घेण्याआधी एवढंच तपासलं की ब्रेक सोडला की आवाज थांबतो का. थांबत होता. ही तपासणी फुकटची आहे आणि बरंच सांगून जाते. ब्रेक न दाबताही वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर असेल, तर संशय व्हील बेअरिंगवर. सतत टिनपत्र्यासारखी खरखर येत असेल, तर डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडी अडकलेली असू शकते. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरते, तो डिस्कवरचा गंज खरवडला जाण्याचा आवाज, त्याची चिंता नको. आणि वाळूवर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरून गुरगुरलं, तर ते एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करतंय.

खरं तर तिथेच टोइंगची गाडी बोलवायला हवी होती. मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी धरत हळूहळू उतरलो. घाटात इंजिन ब्रेकिंगला एवढं महत्त्व का, याचा ढोबळ हिशेब करून बघा. २००० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तेवढ्यात दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. तीच गाडी ६०० मीटर खाली उतरवायची तर १ कोटी १७ लाख ज्यूल, म्हणजे तसे २४ ब्रेक लागोपाठ. हे सगळं पॅडच्याच माथी मारलं, तर ते तापणार नाहीत तर काय होईल?

सावंतवाडीत गॅरेजवाल्याने चाक काढलं. बाहेरचा पॅड चांगला ६ मिलिमीटर शिल्लक! आतला काढला तर नुसती पोलादी पट्टी, चकाकणारी, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला नांगरल्यासारख्या खाचा. "डिस्क खाल्ली," तो म्हणाला. महिन्यापूर्वी दुसऱ्या एकाने चाकाच्या फटीतून बॅटरी मारून "पॅड आहेत अजून" असं सांगितलं होतं. त्याला दिसला तो बाहेरचाच पॅड.

असं एकतर्फी का झिजतं? बऱ्याच गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणारा चिमटा, दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनेवरचं रबर फाटलं, चिखलपाणी आत शिरलं, पिन गंजून जाम झाली की हे सरकणं थांबतं. मग सगळा मार आतल्या पॅडवर. आमची एक पिन हाताने हलेचना, पक्कड लावावी लागली.

पॅड संपत आला की चीं असं ओरडणारी एक पोलादी पत्ती बऱ्याच पॅडना असते. तीही ओरडली असणार. काचा वर, एसी सुरू, मागे पोरांचा गोंगाट, कोण ऐकणार?

आणखी एक इशारा होता, तो मात्र पुसला गेला होता. नवे पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलला, तर बॉनेटखालच्या टाकीतून ब्रेक ऑइल ओसंडलं. ते रंग खातं, म्हणून लगेच पाण्याने धुतलं. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे येतो, मागची जागा ऑइल भरतं आणि टाकीतली पातळी उतरते. मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी ती पातळी पाहून कारण न शोधता वरून ऑइल ओतलं होतं. जास्तीचं होतं तेच आता बाहेर आलं.

डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. आमची त्याहून बारीक झाली होती, म्हणजे लेथवर घासून घेण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या दोन्ही डिस्क आणि चारही पॅड नवे घेतले, कारण एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढते. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. पोरगा हवेचा पाइप घेऊन धूळ उडवायला आला, त्याला थांबवून ओलं फडकं दिलं. ती धूळ फुप्फुसात जायची गोष्ट नव्हे.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहिलो. हे विसरलं तर पहिल्या ब्रेकला पाय थेट तळाला जातो. मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा, मधे गार होऊ देत. यामुळे लायनिंगचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि पकड येते. आठव्या खेपेला आईने नाक मुरडलं, "आता काय जळतंय?" नव्या लायनिंगला धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे एक प्रकारचा डिंक, पहिल्यांदा तापलं की असा वास येतो. बांद्याकडे वळेपर्यंत तो गेला होता.