जघनकेश-निगा (पुरुषांची)

पुरुषांच्या जननेंद्रियाभोवती, वृषणकोशावर, जांघांत आणि गुदद्वाराच्या परिसरात वयात येताना उगवणारे जाड केस आखूड करणे, वस्तऱ्याने काढणे, उपटणे, रसायनाने विरघळवणे किंवा त्यांची मुळे निकामी करणे, तसेच त्या वेळी आणि त्यानंतर तेथील त्वचेची काळजी घेणे, या सर्व क्रियांचा समावेश जघनकेश-निगा या संज्ञेत होतो. ‘गुह्यकेश’ व ‘गुप्तांगावरील केस’ असे पर्यायी शब्द लेखनात आढळतात. बोलताना मात्र ‘खालचे केस’ एवढ्यावर भागवले जाते, आणि जो रांगडा शब्द सर्वांना ठाऊक आहे तो शिवीत जमा झाल्यामुळे डॉक्टरांसमोरही उच्चारला जात नाही. निरोगी पुरुषाने हे केस काढलेच पाहिजेत असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. रोज पाण्याने धुऊन कोरडे ठेवलेले केस अस्वच्छ नसतात.

केस व त्वचा यांचे स्वरूप

वयात येताना अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरील ग्रंथी) व वृषण यांतून स्रवणाऱ्या अँड्रोजन म्हणजे पुरुषी संप्रेरकांमुळे या भागातील लवेच्या जागी जाड, काळसर केस येतात. मुलांमधील या बदलाच्या पाच अवस्था मार्शल आणि टॅनर यांनी १९७० मध्ये वर्णिल्या व त्या आजही प्रमाण मानल्या जातात. डोक्यावरील केस काही वर्षे सलग वाढत राहतो, तर जघनकेसाचा वाढीचा काळ काही महिन्यांचाच असतो. म्हणून न कापलेले जघनकेसही ठरावीक लांबीपलीकडे जात नाहीत. वस्तरा फिरवल्याने केस दाट होतात, ही समजूत चुकीची आहे. निमुळते टोक कापले गेल्यामुळे उरलेला बोथट खुंट हाताला राठ लागतो, इतकेच.

जघनकेसाचा आडवा छेद चपटा, लंबगोल असतो आणि ज्या पुटकातून तो उगवतो ते पुटकही अनेकदा वक्र असते. केस कुरळा होण्याचे हे कारण आहे, आणि पुढे सांगितलेल्या आत वळलेल्या केसाच्या तक्रारीचे मूळही त्यातच आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र केसापेक्षा त्वचेशी अधिक निगडित आहे. ओटीपोटाखालील उंचवट्याची त्वचा जाड असून तिच्याखाली मेदाचा थर असतो. वृषणकोशाची त्वचा याच्या अगदी उलट, म्हणजे पातळ, सुरकुतलेली आणि मेदाचा आधार नसलेली असते. तिच्या लगत खाली डार्टोस नावाचा अनैच्छिक स्नायू असतो. थंडीने तो आखडून त्वचेच्या घड्या पडतात, उबेने तो सैलावतो. ही त्वचा बाहेरून लावलेले द्रव्यही फार लवकर शोषते. फेल्डमन व मेबॅक यांनी १९६७ मध्ये केलेल्या मोजमापात, हायड्रोकॉर्टिझोन या त्वचेवर लावायच्या औषधाचे वृषणकोशातून होणारे शोषण हाताच्या पुढील भागातील शोषणाच्या सुमारे ४२ पट आढळले. गालावर किंवा छातीवर चालणारे मलम, अत्तर वा केशनाशक येथे आग का ओढवते, हे या आकड्यावरून समजते.

हे केस कशासाठी?

माणसाच्या अंगावरची बहुतेक लव विरळ झाली असता याच जागी जाड केस का राहिले, याविषयी एकमत नाही. संभोगाच्या वेळी त्वचेचे घर्षण कमी व्हावे म्हणून ते टिकले, असे एक मत आहे. या भागातील विशिष्ट स्वेदग्रंथींचा स्राव धरून ठेवून गंधाद्वारे लैंगिक संकेत देणे हे त्यांचे कार्य असावे, असे दुसरे मत मांडले जाते. परंतु मानवात अशा गंधसंकेताचे निर्विवाद रासायनिक द्रव्य अद्याप निश्चित झालेले नाही. प्रजननक्षमता आल्याची ती दृश्य खूण होय, हा तिसरा पक्ष. तिन्ही मते परस्परांना छेद देत नाहीत, तथापि घर्षणाचे मत त्यांतल्या त्यात साधे असून रोजच्या अनुभवाशी जुळते.

या वादात जघन-उवेची साक्ष लक्षणीय आहे. माणसाच्या डोक्यातील ऊ आणि जघन-ऊ या निराळ्या प्रजातींच्या आहेत. जघन-उवेची सर्वांत जवळची नातलग गोरिलाच्या अंगावर सापडते, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार या दोघींच्या वाटा सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. त्या सुमारास मानवाच्या पूर्वजांच्या डोक्यावरील आणि जांघेतील केस एकमेकांपासून तुटक झाले असावेत, असे अनुमान त्यावरून काढले जाते. अनुमान आकर्षक आहे. मात्र उवेच्या वंशावळीवरून केसांचा इतिहास सांगताना दोन पायऱ्यांचे अंतर पडते, हे विसरता येत नाही.

प्राचीन उल्लेख

केस काढण्याची प्रथा नेमकी केव्हा सुरू झाली हे सांगणे कठीण आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस याने इजिप्तमधील पुरोहित दिवसाआड सर्वांगाचे मुंडन करीत असे लिहिले असून, देवकार्याच्या वेळी अंगावर ऊ वा अन्य अमंगळ असू नये, हे कारणही दिले आहे. इस्लामी परंपरेत जघनकेस काढणे हे स्वाभाविक शुचितेच्या कर्मांपैकी एक मानले जाते आणि त्यासाठी ४० दिवसांची कमाल मुदत सांगितली जाते.

भारतीय वाङ्मयातील उल्लेखांपैकी वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील नागरकाच्या, म्हणजे सुखवस्तू शहरी पुरुषाच्या, दिनचर्येचा उल्लेख विशेष चर्चेचा आहे. त्यात चौथ्या दिवशी ‘आयुष्य’ आणि पाचव्या किंवा दहाव्या दिवशी ‘प्रत्यायुष्य’ करावे असे म्हटले आहे. मूळ सूत्र इतके त्रोटक आहे की या दोन शब्दांचा अर्थ त्यातून थेट कळत नाही. ‘कामसूत्रा’वरील यशोधराच्या टीकेनुसार (भाष्यानुसार) पहिला शब्द दाढी करण्यास आणि दुसरा गुह्यभागाचे केस काढण्यास लागू आहे. पाच व दहा या दोन मुदतींचा उलगडाही टीकेत आहे: वस्तरा वापरल्यास पाचवा दिवस, केस उपटल्यास दहावा. काही भाषांतरकारांनी ‘प्रत्यायुष्य’ म्हणजे सर्वांगाचे केस काढणे असा व्यापक अर्थ घेतला आहे. टीका मूळ ग्रंथानंतर काही शतकांनी लिहिली गेली असल्याने ती अंतिम मानता येत नाही. तरीही उपटलेला केस कापलेल्या केसापेक्षा उशिरा दिसू लागतो या साध्या निरीक्षणाशी तिचा हिशेब जुळतो, म्हणून ती स्वीकारण्याकडे कल होतो.

‘सुश्रुतसंहिते’त लोमापहरण (केस काढणे) हे सौंदर्यकर्म म्हणून न येता व्रणावरील, म्हणजे जखमेवरील, साठ उपचारांपैकी एक म्हणून येते. जखमेवर केस असल्यास ती नीट भरत नाही, म्हणून ते कात्री, वस्तरा किंवा चिमट्याने काढावेत, असा तेथील विचार आहे. तेथे शंखचूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग असा लेपही सांगितला आहे. चुना व हरताळ यांचे असेच मिश्रण पश्चिम आशियातही दीर्घकाळ प्रचलित होते. हरताळ हे आर्सेनिकचे सल्फाइड असल्यामुळे हा लेप आज कोणीही वापरू नये.

आखूड करणे व वस्तरा

केसांची लांबी कमी करायची, की ते पूर्णपणे काढायचे, यावर धोक्याचे प्रमाण बहुतांशी अवलंबून असते. ट्रिमरने केस काही मिलिमीटर लांबीचे ठेवल्यास पाते त्वचेला टेकत नाही, खुंट त्वचेच्या वर राहतो आणि आत वळलेल्या केसाची शक्यता फार कमी होते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीतही हाच अनुभव आला. पूर्वी रोग्याचे केस वस्तऱ्याने काढणे सार्वत्रिक होते. वस्तऱ्याच्या सूक्ष्म ओरखड्यांतून जंतुसंसर्ग वाढतो असे दिसून आल्यावर, शक्यतो केस काढूच नयेत आणि काढणे भागच असल्यास ट्रिमरसारख्या यंत्राने आखूड करावेत, वस्तरा वापरू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली. घरच्या वापराला ही शिफारस जशीच्या तशी लागू होत नाही, परंतु तिच्यामागचे कारण लागू होते.

ट्रिमर कोरड्या केसांवर, पात्यावर संरक्षक कंगवा बसवून चालवतात. वृषणकोशावर कंगवा काढून ट्रिमर चालवल्यास सैल त्वचा पात्याच्या दात्यांत सापडते. चेहऱ्याचा आणि या भागाचा ट्रिमर वेगळा असावा.

वस्तराच वापरायचा असल्यास क्रम महत्त्वाचा असतो. आधी केस कोरडे असतानाच आखूड करून घ्यावेत, कारण लांब केस पात्यात अडकून ओढले जातात. त्यानंतर काही मिनिटे कोमट पाण्याने आंघोळ केल्यास केस पाणी शोषून मऊ होतात आणि वृषणकोशही सैलावतो. सुगंध नसलेले शेव्हिंग जेल लावून, नवे किंवा धारदार पाते केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, दाब न देता, एका जागी एकदाच फिरवावे आणि प्रत्येक फेरीनंतर धुवावे. पाच ते सात वापरांनंतर पाते टाकून द्यावे.

त्वचा ताणावी की नाही, हा येथील खरा पेच आहे. ताणलेल्या त्वचेवर केस अधिक खोलवर कापला जातो आणि ताण सोडताच त्याचे टोक त्वचेखाली जाते. म्हणून उंचवट्यावर त्वचा ताणू नये. वृषणकोशावर न ताणता वस्तरा चालवल्यास मात्र घडी कापली जाते, त्यामुळे तेथे बोटांनी त्वचा सपाट धरावीच लागते. दोन्ही अटी एकदम पाळता येत नसल्याने वृषणकोशापुरते केस आखूड करण्यावर समाधान मानणे श्रेयस्कर ठरते.

अमेरिकेतील सुमारे साडेसात हजार प्रौढांच्या पाहणीत (२०१७) हे केस काढणाऱ्या किंवा कापणाऱ्यांपैकी जवळपास चौथाई लोकांनी कधी ना कधी इजा झाल्याचे सांगितले. त्यांत कापले जाण्याचे प्रमाण सर्वाधिक होते आणि पुरुषांमध्ये इजेची सर्वांत नेहमीची जागा वृषणकोश हीच होती. डॉक्टरकडे जावे लागलेल्यांचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. उताणे पडून केस काढण्यापेक्षा उभे राहून, पाय उंचावर टेकवून आणि पुरेशा उजेडात आरसा वापरून ते काढणे सोयीचे असते.

नंतर तो भाग गार पाण्याने धुऊन टॉवेलने टिपावा, चोळू नये. अल्कोहोलयुक्त आफ्टरशेव्ह टाळून साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे, सैल सुती अंतर्वस्त्र घालावे, आणि ओरखडे भरेपर्यंत घाम येणारा व्यायाम, सार्वजनिक तरणतलाव व संभोग यांपासून दूर राहावे.

आत वळलेला केस व केसतूड

कापलेल्या केसाचे टोकदार अग्र दोन प्रकारे त्वचेत शिरते: केस बाहेर येऊन वळतो व शेजारच्या त्वचेत घुसतो, किंवा बाहेर न येताच पुटकाची भिंत भेदतो. दुसरा प्रकार फार खोल कापल्याने होतो. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस किंचित वर ओढते व पुढचे तो कापते, त्यामुळे या तक्रारीत त्याचा वाटा असावा असे मानले जाते. शरीर त्या केसाला परकी वस्तू समजते आणि लालसर, खाजऱ्या पुटकुळ्या उठतात. ही स्थिती जंतुसंसर्गाची नसते. ज्याला मराठीत केसतूड म्हणतात, तो केसाच्या मुळाशी पू झालेला फोड मात्र बहुधा स्टॅफिलोकॉकस जंतूंमुळे होतो. दोन्ही दिसायला सारखे असल्याने घरोघरी त्यांत गल्लत होते.

आत वळलेल्या केसावरचा मुख्य उपाय म्हणजे काही आठवडे वस्तरा पूर्ण बंद ठेवणे व कोमट पाण्याचा शेक देणे. सुईने केस उकरल्यास व्रण, काळे डाग आणि प्रवृत्ती असल्यास कीलॉइड (वाढत जाणारा जाड वण) उद्भवू शकतो.

अन्य पद्धती

केशनाशक मलमांतील थायोग्लायकोलेट क्षार केसातील केराटिन या प्रथिनाचे गंधकबंध तोडतात. त्यासाठी मलम तीव्र अल्कधर्मी असावे लागते आणि त्वचेच्या बाहेरच्या थरातही केराटिनच असल्याने वेळ चुकल्यास ती भाजते. वृषणकोश, शिश्न व गुदद्वार येथे अशी मलमे लावू नयेत, असे बहुतेक वेष्टनांवरच छापलेले असते. वॅक्सिंगने केस मुळासकट निघतो आणि काही आठवडे जागा गुळगुळीत राहते. परंतु सैल त्वचा फाटण्याचा व मेणाने पोळण्याचा धोका असतो. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपचार चालू असताना व त्यानंतर सहा महिने वॅक्सिंग टाळावे.

लेझर पद्धतीचा पाया अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या निवडक प्रकाश-औष्णिक विघटनाच्या तत्त्वात आहे. केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून तापते व पुटक निकामी होते. सावळ्या त्वचेतही मेलॅनिन असल्यामुळे १०६४ नॅनोमीटरचा लेझर तिला तुलनेने सुरक्षित मानतात. अनेक बैठकांनंतरही केस कायमचे नष्ट न होता कायमचे कमी होतात, असेच अचूकपणे म्हटले पाहिजे.

संसर्गाविषयीची मते

केस काढणाऱ्यांत लैंगिक संक्रमित आजार अधिक आढळतात, असे एका अमेरिकी पाहणीत दिसले. त्यातील आजार लोकांनी स्वतः सांगितलेले होते. विद्यार्थिनींवरील २०१९ च्या एका अभ्यासात प्रयोगशाळेत तपासणी केली असता क्लॅमिडिया व गोनोरिया यांचा असा संबंध सापडला नाही. ज्यांचे लैंगिक संबंध अधिक, तेच केस अधिक काढत असावेत, हा खुलासा पटण्याजोगा आहे. जघन-उवांचे प्रमाण मात्र केस काढण्याच्या प्रसाराबरोबर घटल्याची निरीक्षणे २००६ पासून प्रसिद्ध झाली आहेत. चामखीळ किंवा मोलस्कम (त्वचेचा एक विषाणुजन्य संसर्ग) यांच्या पुळ्यांवरून वस्तरा फिरवल्यास त्या आजूबाजूला पसरतात. दुसऱ्याचे रेझर वापरल्यास हेपॅटायटिस बी व सी यांचा धोका संभवतो.

मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास वस्तरा व मेण दोन्ही वर्ज्य मानावेत. पसरत जाणारी लाली, ताप, किंवा दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फार तीव्र वेदना व वृषणकोशाची सूज असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. फ्रेंच वैद्य फूर्निये याने १८८३ मध्ये वर्णन केलेला या भागाचा ऊतिनाश (त्वचा व मांस सडणे) दुर्मीळ असला, तरी काही तासांत पसरतो आणि त्याला शस्त्रक्रियेवाचून उपाय नसतो.