स्प्लिंटर ऑफ द माइन्ड्स आय (कादंबरी)

अ‍ॅलन डीन फॉस्टर या अमेरिकन लेखकाची १९७८ ची विज्ञान कादंबरी, स्टार वॉर्स या अमेरिकन चित्रपटमालिकेच्या जगात घडणारी, पण कुठल्याही चित्रपटाची कथा नव्यानं न सांगणारी. बॅलन्टाइन प्रकाशनाच्या डेल रे शाखेनं ती काढली. महिना काही याद्यांत फेब्रुवारी दिसतो, काहींत मार्च, म्हणून ‘१९७८ च्या सुरुवातीला’ एवढंच म्हणणं बरं. अशा पुस्तकाला मराठीत रुळलेला शब्द नाही, इथं ‘चित्रपटसंलग्न कादंबरी’ म्हटलंय. आपल्याकडं थिएटरवर गाण्यांची चोपडी मिळायची आणि तिच्यात पानभर कथासार असायचं, ते झालं पडद्यावरच्याच गोष्टीचं; इथं मात्र पात्रं पडद्यावरची आणि गोष्ट पूर्ण नवी.

नावाचं मराठी करताना अडचण येते. शब्दशः ‘मनश्चक्षूतलं कुसळ’ होईल, पण डोळा आणि कुसळ शेजारी आले की आपल्याला मुसळाची म्हण आठवणार आणि अर्थ भलतीकडं जाणार. कथेत ती वस्तू म्हणजे एका स्फटिकाचा तुटलेला तुकडा आहे, त्यामुळं ‘कपची’ जास्त बरोबर वाटतं.

पुस्तक लिहायला कारण झाला पैशाचा अंदाज, आणि हा भाग नीट समजून घ्यायला पाहिजे कारण कादंबरीचा सगळा आकारच त्यातनं आलाय. फॉस्टर तोवर या कामात मुरलेला होता, स्टार ट्रेकच्या अ‍ॅनिमेशन मालिकेवरून त्यानं पुस्तकं लिहिली होती. स्टार वॉर्सचं कादंबरीरूप २५ मे १९७७ ला चित्रपट लागायच्या आधीच, १९७६ च्या नोव्हेंबरात आलं, वर नाव चित्रपटाचा दिग्दर्शक जॉर्ज लुकासचं पण लिहिलं फॉस्टरनं. त्याच्याकडं दुसरं पुस्तकही सोपवलेलं होतं, आणि ते असं पाहिजे होतं की पहिला चित्रपट बेताचाच चालला तर त्यावरनं कमी खर्चात पुढचा भाग काढता यावा. मग बहुतेक गोष्ट एकाच ग्रहावर, तोही कायम धुक्यात, म्हणजे मागं मोठं दृश्य उभं करायची गरज नाही. सुरुवातीची अंतराळातली लढाई लुकासनं हस्तलिखित बघून काढायला लावली, कारण ती महागात गेली असती. आणि चित्रपटातला तस्कर वैमानिक हान सोलो नाहीच, कारण ते काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डनं पुढच्या चित्रपटांचा करार केलेला नव्हता. पन्हाळ्यावर पावसाळ्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही हे ज्यानं बघितलंय त्याला धुक्याची सोय लगेच कळंल. चित्रपट तुफान चालला, स्वस्तातल्या भागाची गरजच उरली नाही आणि कादंबरी तेवढी राहिली. बाबूराव पेंटरांच्या गावातल्या माणसाला अजून एक गोष्ट भावते: मुखपृष्ठ राल्फ मॅक्वॉरीचं आहे, ज्या चित्रकारानं चित्रपटाचं जग आधी कागदावर रंगवलं त्याचंच. बाबूरावही महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे.

ही विस्तारित विश्वातली, म्हणजे चित्रपटांबाहेर पुस्तकं-कॉमिकमधनं वाढलेल्या स्टार वॉर्सच्या जगातली, पहिली नवी कथा, असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. यावर मतभेद आहेत. मार्व्हलच्या कॉमिकचे पहिले सहा अंक चित्रपटाची कथा सांगतात, सातव्यापासून हान आणि त्याचा साथीदार च्युबाका यांची नवी गोष्ट सुरू होते. त्या अंकावर तारीख जानेवारी १९७८ ची, आणि अमेरिकन कॉमिकवर तारीख पुढची टाकायची पद्धत होती, म्हणजे तो विक्रीला १९७७ मध्येच आला असणार. तेव्हा ‘पहिली नवी कथा’ हा मान कॉमिककडं जातो, आणि ‘नवी कथा सांगणारी पहिली कादंबरी’ एवढंच या पुस्तकाबद्दल म्हटलेलं जास्त टिकतं.

स्फटिकाचंही तसंच आहे. इथला कायबर स्फटिक फोर्सची, म्हणजे या कथांमधल्या गूढ शक्तीची, ताकद वाढवतो. ही कल्पना फॉस्टरची म्हणून सांगितली जाते, पण चित्रपटाच्या सुरुवातीच्या खर्ड्यांत लुकासनं असा स्फटिक घातला होता आणि शेवटच्या पटकथेतनं काढला. म्हणजे मूळ लुकासचं, वाचकांसमोर आणलं फॉस्टरनं. पुढं नावाचं स्पेलिंग बदलून तो अ‍ॅनिमेशन मालिकेत आला, २०१६ च्या रोग वन चित्रपटात डेथ स्टार या ग्रह उडवणाऱ्या अवकाशतळाच्या शस्त्राला तोच लागतो.

कथा थोडक्यात: चित्रपटाचा नायक ल्यूक आणि राजकन्या लिया साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांसाठी मदत मिळवायला निघालेत, वाटेत मिंबन ग्रहावर कोसळतात. तिथं साम्राज्याची गुप्त खाण आहे. हाला नावाची म्हातारी भेटते, तिच्याजवळ ती कपची, आणि अख्खा स्फटिक जंगलातल्या देवळात. मागावर साम्राज्याचा खलनायक डार्थ व्हेडर. शेवटच्या लढाईत ल्यूक दगडाखाली अडकतो तेव्हा लिया लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) उचलून व्हेडरशी भिडते आणि जबर जखमी होते, हा पुस्तकातला सगळ्यात जिवंत प्रसंग. पहिल्या तीन चित्रपटांत तिला असं लढायला कधी मिळालं नाही. ल्यूक व्हेडरचा हात तोडतो, व्हेडर खड्ड्यात पडतो पण मरत नाही.

आज वाचताना ल्यूक आणि लियामधली ओढ खटकते, कारण ते भाऊबहीण आहेत हे १९८३ च्या चित्रपटात सांगितलं गेलं. पण १९७८ च्या वाचकाला ते माहीतच नव्हतं, त्यामुळं याला चूक म्हणणं बरोबर नाही. गोष्ट तेव्हा कुठल्याही वाटेनं जाऊ शकत होती, त्याचा हा छापील पुरावा आहे आणि म्हणूनच पुस्तक जपण्यासारखं आहे. त्याच दशकात, १९७४ मध्ये, कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवून बक्षीस मिळवलं होतं. मराठी विज्ञानकथा स्वतःच्या पायावर वाढत होती, चित्रपटाच्या आधारानं नव्हे.

डार्क हॉर्सनं १९९५-९६ मध्ये कादंबरीचं कॉमिक केलं. एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्म कंपनीनं जुनी पुस्तकं ‘लेजंड्स’ या गटात, म्हणजे अधिकृत कथेबाहेर, टाकली, त्यात हीही गेली. २०२० मध्ये फॉस्टरनं रॉयल्टी थकल्याची जाहीर तक्रार केली, अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांची संघटना त्याच्या बाजूनं उभी राहिली. मिंबन मात्र परत पडद्यावर आला, २०१८ च्या सोलो चित्रपटात, चिखलातल्या लढाईत, आणि तिथं साम्राज्याचा शिपाई म्हणून लढतोय तो हान सोलो.