गुडघ्याखालचा पाऊस

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये, ऑक्टोबरच्या सकाळी एक माणूस पोटावर सरपटत चालला आहे. खाली पीट आहे. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजत पडलेल्या शेवाळाचा थर, पिळला तर पाणी गळेल असा काळा स्पंजच. समोर दोनेकशे मीटरवर तांबड्या हरणांचा कळप चरतो आहे. आपल्या काश्मीरचा हंगुल या हरणाचा जवळचा भाऊबंद. माणसाने कोपर टेकले की पाणी वर येते, गुडघा टेकला की वर येते. आभाळातून पाऊस पडतोच आहे, पण त्याला खरी भीती खालच्या पाण्याची आहे.

याला तिकडे डिअर स्टॉकिंग म्हणतात: हरणाला चाहूल लागू न देता पायी, दबकत त्याच्यापर्यंत पोचायचे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला. तिकडे लांडगे कधीच संपले, हरणांना खाणारे कोणी उरले नाही आणि हरणे कोवळी रोपे खाऊन नवे जंगल उभे राहू देत नाहीत. म्हणून दरवर्षी ठरावीक हरणे मारणे हा तिथे जंगल राखण्याचाच एक भाग मानला जातो. ते पटो न पटो, माझे लक्ष त्या माणसाच्या अंगावरच्या कपड्यांकडे आहे. वॉटरप्रूफ म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडाची याहून कडक परीक्षा मला तरी माहीत नाही. आणि खास या कामासाठीचे जॅकेट काहीशे पौंडांना जाते, त्यामुळे स्वस्तात काय चालेल हा प्रश्न तिथेही रोजचाच.

दुकानातल्या जॅकेटच्या पट्टीवर 5,000, 10,000, 20,000 असा आकडा असतो. तो मिलिमीटरमध्ये असतो आणि त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. कापड ताणून बसवायचे, त्याच्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि तीन ठिकाणी थेंब फुटून बाहेर आले की थांबायचे. त्या क्षणी जेवढा दाब असेल तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी त्या कापडाची ताकद. 10,000 म्हणजे दहा मीटर पाणी, जवळजवळ तीन मजली घराएवढे.

ऐकायला फार मोठे वाटते. आता गुडघ्याचा हिशोब करू. पंचाहत्तर किलोचा माणूस गुडघ्यांवर बसला. थोडे वजन पावलांवर गेले असे धरून साठ किलो गुडघ्यांवर ठेवू. दोन्ही गुडघे मिळून जमिनीला टेकणारी जागा साधारण शंभर चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहाशे ग्रॅम, आणि एका किलोला दहा मीटर पाणी या हिशोबाने तो दाब झाला सहा मीटरचा. पट्टीच्या भाषेत 6,000. पुढे सरकताना सगळा भार क्षणभर एकाच गुडघ्यावर आला की 12,000. पट्टीवर 3,000 लिहिलेली स्वस्त पँट कुठेही न फाटता गुडघ्यात ओली होते ती यामुळे. पावसाच्या थेंबाचा मार क्षणभराचा असतो. गुडघा मिनिटन् मिनिट दाबत राहतो.

म्हणून पैसे मोजके असतील तर ते जॅकेटवर नव्हे, पँटवर घालावेत असे माझे मत आहे. दुकानात लोक नेमके उलटे करतात, कारण आरशात जॅकेट दिसते. याहून स्वस्त उपाय हवा तर जुन्या योगा मॅटचा किंवा फोमच्या झोपायच्या मॅटचा वीतभर रुंद तुकडा. अशा फोममधले हवेचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे त्यात पाणी शिरत नाही आणि भारही पसरतो. बसायला, टेकायला तो खाली घेतला की हिशोबातला सहा मीटर पाण्याचा दाब पँटपर्यंत पोचतच नाही.

दुसरी गोची वाऱ्याची. हरणाचे नाक इतके तिखट की वारा पाठीमागून असेल तर दिवस संपला म्हणून समजायचे. जायचे ते वाऱ्याच्या तोंडालाच. म्हणजे पाऊसही कायम तोंडावर, छातीवर, झिपवर. झिप झाकणारी पट्टी आणि गळ्याशी आवळता येणारी टोपी नसेल तर 20,000 आकड्याचे कापडही फुकट जाते, कारण पाणी कापडातून नव्हे, फटीतून येते. हे दुखणे जुने आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने 1823 मध्ये कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये चिकटवण्याचे पेटंट घेतले. ब्रिटनमध्ये रेनकोटला अजून ‘मॅक’ म्हणतात ते त्याच्यावरून. कापड पाणी रोखायचे, पण शिंपी त्यात सुई घालायचा आणि शिवणीच्या भोकाभोकातून पाणी आत. आजच्या चांगल्या कपड्यात शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असते. विकत घेताना आतली बाजू उलटून ती टेप बोटाने चाचपावी. किमतीच्या चिठ्ठीपेक्षा ती जास्त खरे बोलते.

बाहेरचे पाणी अडवले तरी आतल्याचे काय? डोंगर चढणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो. त्या काळच्या मॅकिन्टॉशात तो तसाच मुरायचा. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ताणून बघत होता. हळू ताणल्या की तुटत. वैतागून त्याने एकीला जोरात हिसका दिला, तर ती न तुटता कितीतरी पट लांब झाली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार झाले. पाण्याच्या थेंबाला आत जायला ती छिद्रे फारच लहान, वाफेच्या सुट्या रेणूला बाहेर पडायला मात्र ऐसपैस. गोर-टेक्स ते हेच. स्वस्त जॅकेटमध्ये बहुधा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पापुद्रा किंवा लेप असतो. त्यातल्या काही प्रकारांना छिद्रे मुळी नसतातच, पाण्याचे रेणू पापुद्र्यात मुरून पलीकडे झिरपतात.

पण वाफ आपोआप बाहेर जात नाही. आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच ती सरकते. जॅकेटच्या आत तीस अंश तापमान आणि दमट हवा असेल तर बाष्पदाब सव्वाचार किलोपास्कलच्या आसपास. हायलँड्समध्ये आठ अंशांच्या पावसाळी हवेत तो जेमतेम एक. फरक तीनाचा. सह्याद्रीत जुलैमध्ये चोवीस अंश आणि ढगात बुडालेला गड, तर बाहेरचाच दाब तीन. उरला फरक सव्वाचा. कोकणात सत्तावीस अंशांना आणखी कमी. मी एकदा मित्राचे भारी परदेशी जॅकेट घालून जुलैत हरिश्चंद्रगड चढलो होतो, माथ्यावर शर्ट पिळून पाणी काढले. तेव्हा जॅकेटला शिव्या घातल्या, पण दोष हवेचा होता.

हायलँड्समध्येही सगळे सुखाचे नाही. तिथे जॅकेटचे कापड थंडगार असते, त्यामुळे वाफ बाहेर पडण्याआधीच आतल्या बाजूला तिचे दव होते, आणि माणूस म्हणतो जॅकेट गळते. पट्टीवर वाफेचाही आकडा असतो: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ जाते. दहा हजार लिहिले असेल तर ताशी चारशे ग्रॅम झाले, तेही प्रयोगशाळेत. चढावरचा घाम त्याहून जास्त. म्हणून तिथले जाणते लोक चढताना जॅकेट पिशवीत ठेवतात, थोडे भिजतात, आणि वर पोचून दुर्बीण लावून निश्चल पडून राहायची वेळ आली की ते अंगावर चढवतात. ओले कापड अंगाला चिकटून राहणे सगळ्यात धोक्याचे, कारण पाणी उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने वाहून नेते. जीन्स तर या कामाला सपशेल नालायक.

लोकर याबाबत और चीज आहे. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प पोटात घेऊनही हाताला कोरडा लागतो, आणि बाष्प शोषताना थोडी ऊब सोडतो. हायलँड्समधल्या इस्टेटींनी 1840 च्या दशकापासून आपापल्या डोंगराच्या रंगाचे ट्वीड, म्हणजे जाड लोकरी कापड, विणून घेतले. तशीच अक्कल आपल्या धनगरांकडे होती. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे, त्याला चिंचोक्याची खळ, आणि पावसात त्याचीच डोक्यावरून खोळ. भातलावणीतले बांबू-पानांचे इरले तर मला आजही पावसाळी कपड्यातली सर्वांत हुशार वस्तू वाटते. ते पाठ झाकते पण अंगाला चिकटत नाही, खालून वारा खेळता राहतो. नव्या जॅकेटच्या काखेत झिपा असतात त्यांचे काम हेच. स्वस्त जॅकेट घेताना पापुद्र्याच्या आकड्यापेक्षा काखेतली झिप शोधावी, ती कधी दगा देत नाही.

मला कमी पैशात जमवायचे असते तर मी आत पातळ लोकरी बनियन आणि फ्लीस, म्हणजे मऊ कृत्रिम कापडाचा उबदार सदरा, घेतले असते, गुडघ्यावर दुहेरी कापड लावलेली पँट घेतली असती, आणि वर ब्रिटिश सैन्याचे जुने वॉटरप्रूफ जॅकेट. सैन्याने मोडीत काढलेला माल तिकडे स्वस्त मिळतो आणि पावसाला पुरून उरतो. खोट एकच, ते चिप्सच्या पाकिटासारखे वाजते. माणसाचा कान वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मोजला तर निदान तीसपर्यंत गेला. सरसर आवाजात नेमके असेच बारीक, उंच स्वर जास्त. त्यावर काहीजण वाजणारा थर आत घालून वर जुना लोकरी किंवा फ्लीसचा कोट चढवतात. वरचा कोट भिजून जड होतो, वाफही कमी जाते, पण आवाज मरतो.

आता धुण्याचे. जॅकेटच्या वरच्या कापडाला पाणी झटकणारा एक अदृश्य लेप असतो. नव्या बाहीवर चमच्याने पाणी टाकले तर थेंब अळवाच्या पानावर उभा राहावा तसा गोल राहतो आणि घरंगळतो. लेप झिजला किंवा मळला की तोच थेंब पसरून कापडावर काळपट डाग पडतो. आतला पापुद्रा तेव्हाही पाणी अडवतच असतो, पण ओल्या वरच्या कापडामुळे वाफेची वाट बुजते. लोकांना वाटते जॅकेट गेले. पुष्कळदा ते फक्त मळलेले असते. साध्या साबणाने धुऊन, भरपूर खळबळून, लेबल पाहून ड्रायरची किंवा मंद इस्त्रीची ऊब दिली की लेपाचे विस्कटलेले रेणू पुन्हा उभे राहतात. तरीही थेंब पसरत असेल तर तसाच लेप देणाऱ्या फवाऱ्याची बाटली आणायची, नव्या जॅकेटच्या मानाने ती किरकोळ खर्चाची. जुने लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत. ती निसर्गात वर्षानुवर्षे मोडत नाहीत, म्हणून फ्लोरिन नसलेली बाटली बघून घ्यावी. तेलकट मळापुढे तिचा लेप लवकर हार मानतो, पण धुवायला कंटाळा नसेल तर चालतो.

धुण्याची पावडर मात्र नेहमीची नको. एक तर तिचा अंश कापडावर राहून पाणी ओढतो. दुसरे कारण हरणाच्या डोळ्यात आहे. हरणाच्या डोळ्यात रंगांचे दोनच ग्राहक असतात, निळ्याजवळचा आणि हिरव्याजवळचा. तांबड्याचा नाही. त्याला भडक केशरी जॅकेट मातकट दिसते. निळे मात्र ते आपल्याहून चांगले पाहते, आणि अतिनील किरणे आपल्या डोळ्यातल्या भिंगाशी अडतात तशी त्याच्या डोळ्यात अडत नाहीत. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत घातलेली द्रव्ये अतिनील किरण शोषून निळा प्रकाश फेकतात. पूर्वी आजी धोतराला नीळ द्यायची, त्याचाच हा आधुनिक अवतार. पानाफांदीच्या नक्षीचे महागडे जॅकेट घेऊन ते अशा पावडरीत घोळवलेला माणूस ढगाळ पहाटे त्या तपकिरी उतारावर, हरणाच्या डोळ्याला, हलका निळसर उजळलेला दिसत असणार.